पाणथळीची रेषा कोण मारतो, आणि त्याच्याकडे सर्टिफिकेट असतं का?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला राहतो, गच्चीतून मिठागरं आणि त्यापलीकडे खाडी दिसते (दिसायची म्हणू, आता एक टॉवर मध्ये आलाय). आमच्या सोसायटीच्या मागे एक मोठा मोकळा तुकडा आहे. जूनअखेर तिथे पाणी भरतं ते गणपती गेले तरी असतंच, टिटव्या, शेकाट्या, ढोकरी, एखाद्या वर्षी चित्रबलाकसुद्धा. मार्चमध्ये याल तर वाळकं गवत आणि पोरांचं क्रिकेट. आता त्या जागेवर काहीतरी येतंय म्हणतात, आणि आमच्या कमिटीतल्या एकाने कुठूनतरी त्या प्रस्तावाचा नकाशा मिळवला, त्यात या तुकड्याला फिकट पिवळा रंग देऊन लिहिलंय 'झुडपी पडीक जमीन'.

माझी तक्रार रंगाची नाही. नकाशावर कन्सल्टंटचा लोगो आहे, उत्तर दिशा आहे, स्केल आहे, पण 'ही जागा पाणथळ नाही' हे ठरवणारा माणूस कोण, तो कुठल्या महिन्यात आला, चिखलात पाय घातला का, यातलं काहीच नाही. आमची बिल्डिंग तीस वर्षांची झाली तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिटला रजिस्टर्ड इंजिनिअरच लागला, सोसायटीच्या हिशोबाला पॅनलवरचा ऑडिटर लागतो, पालिकेत प्लॅन टाकायचा तर आर्किटेक्ट नाहीतर लायसन्स्ड सर्व्हेअरची सही लागते. आणि एकरांच्या एकर जमीन ओली की कोरडी हे ठरवायला कुणाचीच सही नको?

हे डोक्यात घुसलं कारण माझा भाचा व्हर्जिनियात नेमकं हेच काम करतो. दिवाळीत आला होता. पाणथळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ती रेषा जमिनीवर मारायची, एवढंच काम, आणि त्याचं राज्य सरकारचं सर्टिफिकेट असतं. (आमच्या हिला अजूनही वाटतं तो तिकडे शेती करतो.) महाराष्ट्रात असं सर्टिफिकेट असावं का? जाणकारांनी सांगावं.

टोमणेबाई

रेषा कोण मारतो ते माहीत नाही, पण भराव रात्री दोन वाजता डंपरवाला टाकतो. त्याच्याकडे लायसन असावं अशी माफक अपेक्षा.

शंकासुर

काका, पीयूसी आठवा. पंपावर गाडी नुसती उभी केली की कागद हातात, नळी सायलेन्सरमध्ये गेली काय न गेली काय. तेच होणार इथे. उद्या 'महाराष्ट्र शासन मान्यताप्राप्त पाणथळतज्ज्ञ' अशी पाटी लागेल, तीन दिवसांचा क्लास, एक एमसीक्यू परीक्षा, मग प्रत्येक बिल्डरकडे पगारी एक तज्ज्ञ. आत्ता निदान कोर्टात सांगता येतं की या नकाशाला आधार नाही, तेव्हा शिक्का असलेला खोटा नकाशा मिळेल. तो जास्त वाईट.

तिवर

मी ईआयएच्या (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल) फील्डवर्कमध्ये सात-आठ वर्षं काढलीयेत, म्हणजे त्या लोगोच्या मागे बसणाऱ्यांपैकीच एक समजा. तेव्हा थोडं आतलं.

ईआयए कन्सल्टंटला क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नॅबेट या मंडळाकडून मान्यता घ्यावी लागते आणि त्यात विषयवार तज्ज्ञ दाखवावे लागतात, इकॉलॉजीचा वेगळा, लँड यूजचा वेगळा, भूजलाचा वेगळा. त्यामुळे 'कुणाचीच सही नसते' हे अगदी बरोबर नाही. पण पाणथळ हा त्यात स्वतंत्र विषय नाहीये आणि प्रत्यक्षात ती या तिघांच्या मधल्या फटीत पडते. लँड यूजवाला सॅटेलाइट इमेज घेऊन ऑफिसात बसतो, इमेज ढगविरहित हवी म्हणून जानेवारी ते मे मधली घेतो, आणि त्या महिन्यांत काकांचा तुकडा खरोखरच पिवळा दिसतो हो! त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं.

दुसरी गोष्ट स्केलची. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने २०११ मध्ये जो राष्ट्रीय पाणथळ अ‍ॅटलास काढला तो १:५०,००० चा. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. सगळीकडे पाणथळीच्या आकाराची जी २.२५ हेक्टरची किमान मर्यादा ऐकू येते ती १५० बाय १५० मीटर, म्हणजे नकाशावर ३ मिमी बाय ३ मिमी, नखाएवढीसुद्धा नाही. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर जाड होते, आणि मुंबईत २५ मीटरमध्ये एक अख्खी विंग उभी राहते. तो अ‍ॅटलास देशभरात पाणथळी साधारण कुठे आहेत ते कळायला उत्तम आहे, पण सीमा ठरवायला तो काढलेलाच नव्हता. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये त्यातल्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण दिलं, डिसेंबर २०२४ मध्ये नव्या मोजणीप्रमाणे आकडा २,३१,१९५ धरून सगळ्या राज्यांना सांगितलं की प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पडताळा आणि सीमा आखा, तेही तीन महिन्यांत. जाणार कोण? माणसं कुठायत?

अवांतर: भरतीरेषा आखायला मात्र केंद्राने ठरावीक संस्थाच अधिकृत केल्यात, इस्रोचं ते केंद्र, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाची रिमोट सेन्सिंगची संस्था वगैरे. सीआरझेडचा (किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेला पट्टा) नकाशा कुणीही उठून काढू शकत नाही. पाणथळीचा काढतो.

सातबारा

धागा आवडला. मी भूमी अभिलेखमधून रिटायर झालो, तेव्हा माझ्या चष्म्यातून बघतो.

खाजगी मालकाला हद्द कायम मोजणी हवी असेल तर अर्ज, फी, मग लगतच्या कब्जेदारांना नोटिसा, ठरल्या तारखेला भूकरमापक जागेवर, हजर असलेल्यांचे जबाब, खुणा दाखवणे आणि शेवटी 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. त्यावर कुणी मोजलं, कधी मोजलं सगळं असतं. पटलं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. दोन भावांमधल्या दोन गुंठ्यांच्या बांधासाठी एवढी व्यवस्था आहे, भांडणं तरीही होतात, पण भांडायला नेमका कागद असतो.

पाणथळीचं म्हणाल तर सातबाऱ्यावर पाणथळ असा शब्दच नाही. पोटखराबा असेल, खार असेल, खाजण असेल, फार तर पीकपाहणीत पड. यादी करा म्हणून वरून पत्र आलं की तलाठ्याने काय बघून करायची?

आगरी_बाणा

उरणवरून लिवतोय. तुम्ही सगळे शिकलेले लोक छान बोलताय पण एक बाजू राहिली.

आमच्या आजोबांची खारातली भातशेती. बाहेरून बांध, बांधाला उघाडी, ओहोटीला पाणी बाहेर जायचं आणि भरतीला दार आपोआप बंद व्हायचं. बांधबंदिस्ती गावकी करायची, दर वर्षी, प्रत्येक घरातून माणूस. मग कंपन्या आल्या, भराव आले, पाण्याच्या वाटा बदलल्या, गावकी मोडली आणि एका उधाणाला बांध फुटला तो परत बांधलाच नाय. खारं पाणी शिरलं. पाच वर्षांत तिवरं उगवली. आता तिथं बगळे, रोहित, फोटोवाले, सगळे येतात. सातबारा अजून आमच्या नावावर, त्यावर भात. तुमचा सर्टिफिकेटवाला तिथं आला तर काय लिवणार? पाणथळ. बरोबरच लिवणार तो, हाय ती पाणथळ. पण मग माझी जमीन गेली ना, एक रुपया न घेता? आणि शेजारच्या पट्ट्यात ज्याने आधीच भराव टाकला त्याची कोरडी, तो सुटला.

आणि अजून एक गोष्ट. उधाणाला पाणी कुठवर येतं आणि भांगेला (लहान भरतीला) कुठवर, चिंबोरी कुठे, निवट्या कुठे, हे माझी आई डोळे मिटून सांगेल. तिला सर्टिफिकेट कोण देणार? का तिनं एमसीक्यू सोडवायचे?

टोमणेबाई

आगरी_बाणा, वरचा टोमणा मागे घेतला. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

ओलीमाती

मामा, लिंक पाठवलीत म्हणून अकाउंट काढलं, मराठी टायपिंगची सवय गेलीये सांभाळून घ्या. धागाकर्त्यांचा भाचा तो मीच. नाही, शेती करत नाही, मामीला सांगा.

आधी एक गैरसमज. अमेरिकाभर एकच सर्टिफिकेट आहे असं नाही. १९९० च्या एका कायद्याने लष्कराच्या इंजिनिअर कोअरला, म्हणजे तिकडे पाणथळीत भराव टाकायचं परमिट देणारं खातं, डेलिनिएटरना, म्हणजे ही रेषा आखणाऱ्यांना, सर्टिफिकेट द्यायचा अधिकार दिला होता, १९९३ मध्ये काही जिल्ह्यांत प्रायोगिक सुरू झालं आणि तिथेच विरलं. मग ज्याने त्याने आपलं आपलं केलं. पाणथळ अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या सोसायटीचं १९९४ पासून एक खाजगी सर्टिफिकेट आहे. मिनेसोटात विद्यापीठ देतं. न्यू हॅम्पशायरमध्ये राज्याचं बोर्ड आहे, तिथे सर्टिफाइड माणसाचा शिक्का नसेल तर पाणथळीचा नकाशा परमिटसाठी चालत नाही, आणि शिकाऊ म्हणून सुरुवात करायची सोयही आहे. आमच्या व्हर्जिनियात मृदातज्ज्ञ, पाणथळवाले आणि भूगर्भवाले यांचं मिळून एक बोर्ड आहे, पण सर्टिफिकेट ऐच्छिक, म्हणजे ते नसलं तरी काम करता येतं, फक्त स्वतःला सर्टिफाइड म्हणवता येत नाही. विस्कॉन्सिनचं मला सगळ्यात आवडतं, तिथे राज्याचं खातं ज्यांचं काम तपासून खात्री पटलीये अशांची यादी ठेवतं, यादीतल्या माणसाने आखलेल्या रेषेला खात्याची वेगळी संमती लागत नाही, बाकीच्यांना थांबावं लागतं. म्हणजे बिल्डरलाच यादीतला माणूस परवडतो, वेळ वाचतो म्हणून.

शंकासुर, तुमची शंका रास्त आहे. मलाही पैसे डेव्हलपरच देतो. सर्टिफिकेटमुळे मी प्रामाणिक होत नाही. मी सरळ राहतो त्याचं कारण मी खणलेल्या खड्ड्याच्या शेजारी कोअरचा माणूस येऊन स्वतःचा खड्डा खणू शकतो आणि माझा फॉर्म हातात धरून विचारू शकतो की हे तू कुठे बघितलंस. सातबारा यांनी निमताना मोजणी म्हटलं ना, अगदी तेच. मला हा शब्दच माहीत नव्हता, भारी आहे.

खाडीकाठचा

अरे वा, आलास! आता तो खड्ड्याचा प्रकार इथे सविस्तर लिही, मला सांगितलास तसा.

ओलीमाती

लिहितो. तीन गोष्टी बघायच्या, झाडं, माती, पाणी. १९८७ चं कोअरचं मॅन्युअल आहे, त्यावर प्रदेशवार पुरवण्या निघाल्या. साधारण नियम असा की तिन्ही जुळल्या तरच पाणथळ.

झाडांची राष्ट्रीय यादी आहे, प्रत्येक जातीला दर्जा, ही नेहमी पाण्यातच, ही बहुतेक पाण्यात, ही दोन्हीकडे, ही सहसा कोरड्यात. प्लॉटमध्ये ज्या जातींचा जोर आहे त्यातल्या निम्म्याहून जास्त पहिल्या तीन गटांतल्या हव्यात. मग हाताच्या ऑगरने (माती काढायचं गिरमिट) साधारण ५० सेंटिमीटर खोल माती काढायची, ओली करून मुन्सेलच्या रंगांच्या पुस्तकाशी लावायची, अगदी रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डसारखी. दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या मातीतला ऑक्सिजन संपतो, लोह विरघळून सरकतं, माती करडी पडते आणि जिथे मुळांवाटे हवा शिरते तिथे गंजाच्या रेघा उमटतात. कधी कुजक्या अंड्याचा वास. गंमत अशी की त्या दिवशी पाणी नसलं तरी हे मातीत लिहिलेलं राहतं, म्हणून भर उन्हाळ्यात गेलात तरी फसत नाही. मामा, तुमचा पिवळा तुकडा मार्चमध्ये खणला असता तरी बोलला असता.

आणि खड्डे जोडीने, एक ओल्या बाजूला एक कोरड्या बाजूला, रेषा त्या दोघांच्या मध्ये. मग गुलाबी फिती बांधत चालायचं, प्रत्येक फितीला नंबर. प्रत्येक खड्ड्याचा फॉर्म, त्यावर नाव आणि तारीख. कोअरने मान्य केलेली रेषा साधारण पाच वर्षं चालते, पुढे परत बघायचं, कारण पाणी हलतं.

तिकडेही सगळं गोड नाही हां. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सॅकेट खटल्यात केंद्राचा कायदा बऱ्याच पाणथळींवरून उठवला, मोठ्या पाण्याला सलग पृष्ठभागावरून जोडलेली असेल तरच तो लागू. मी आखलेली रेषा शास्त्राने तीच, कायद्याने एका दिवसात बिनकामाची. आता राज्याचा कायदा काय म्हणतो त्यावर.

तिवर

ओलीमाती, मस्त. पण हे जसंच्या तसं इकडे आणलं तर आपटेल. तुमच्याकडे पाण्याचा निकष असा की वाढीच्या हंगामात सलग साधारण दोन आठवडे माती पाण्याने भरलेली राहिली की झालं. मुंबईत झाडं बारा महिने वाढतात आणि जुलैमध्ये सलग दोन आठवडे काय कोरडं असतं? आझाद मैदानसुद्धा पाणथळ ठरेल. बरं, बेसॉल्टची काळी माती मुळातच इतकी गडद की त्यात करडेपणा शोधायचा म्हणजे काळ्या मांजराची सावली शोधण्यासारखं, आणि डोंगराकडच्या लाल मातीत गंज कुठला आणि मूळ रंग कुठला. आपल्याकडे झाडांची ती दर्जावार यादीच नाहीये. तिवर, चिपी, कांदळ, मारांडी यांचं ठीक, पण पाणकणीस तर गटाराच्या कडेलाही येतं आणि पावसाळी गवतांचं काय? परीक्षा घ्यायची तर आधी पुस्तक हवं ना.

आणि आपल्या २०१७ च्या नियमांची व्याख्या बघा. नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा तात्पुरती, गोड्या, मचूळ वा खाऱ्या पाण्याची दलदल वगैरे, ओहोटीला ६ मीटरपर्यंत खोल समुद्रसुद्धा त्यात. ही मूळची १९७१ च्या रामसर करारातली, मोठ्या मनाची. पण लगेच वगळलेल्यांची यादी, नदीपात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्याचे तलाव, मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यासाठी मुद्दाम बांधलेलं सगळं. वन कायदा, वन्यजीव कायदा आणि सीआरझेडखालच्या जागाही बाहेर, त्यांना आपापले कायदे आहेत म्हणून. म्हणजे इथे माती काय सांगते याहून ती जागा कशासाठी बांधली होती हा प्रश्न मोठा होतो. काकांचा तुकडा जुनं मिठागर निघालं तर? आगरी_बाणांची शेती बांध फुटल्यावरही भातशेती की नाही? हे ऑगरने कळत नाही, त्याला जुने नकाशे आणि म्हातारी माणसं लागतात.

सातबारा

बरोबर. आणि जुन्या नकाशांना तारीख असते. मला त्यात सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. नाहीतर युक्ती सोपी आहे, आधी नाला बुजवायचा, भरतीचं पाणी अडवायचं, तिवरं वाळू द्यायची, दोन पावसाळे थांबायचं आणि मग सर्व्हेला माणूस बोलवायचा. तो अगदी खरं लिहितो की कोरडं आहे.

ओलीमाती

यासाठी मॅन्युअलमध्ये वेगळा भागच आहे. कुणी भराव टाकून किंवा पाणी वळवून जागा बदललीये असा संशय असेल तर आज काय दिसतं यावर थांबायचं नाही, जुने एरियल फोटो, भरावाखालची मूळ माती, शेजारच्या न बिघडलेल्या जागेतली झाडं बघून आधी काय होतं ते ठरवायचं. आणि आगरी_बाणा, तुमच्या आईसारखी माणसं कागदावर येत नाहीत हे खरंय. डिग्री नसेल तर जास्त वर्षांच्या अनुभवावर येता येतं, पण तो अनुभव सर्टिफाइड माणसाच्या हाताखालचा लागतो. आईच्या हाताखालचा चालत नाही.

आगरी_बाणा

मग एवढं तरी करा. जो कोण सर्टिफिकेटवाला येईल त्यानं जबाब घ्यावा. सातबारा साहेब म्हणतात तसा, नाव लिहून. गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांचा जबाब नसेल तर नकाशा परत. आणि नोटीस द्यावी मोजायच्या आधी, आम्हाला पेपरात वाचायला लागू नये. आणि पाणथळ लिहिलीत तर मोबदला काय ते त्याच कागदावर लिहा. ते नाय केलं तर आम्ही पण रात्री डंपर बोलावणार, राग मानू नका, खरं सांगतो.

शंकासुर

हे मान्य. सर्टिफिकेटला माझा विरोध कायम, पण खड्ड्याचा फॉर्म, तारीख, जबाब आणि फोटो सगळ्यांना वेबसाइटवर बघायला मिळणार असतील तर सही कुणाची का असेना. उलट मला तेवढंच पुरे, कागदावर सर्टिफाइड नको, कागद उघडा हवा.

खाडीकाठचा

शंकासुर, मला दोन्ही हवंय. कागद उघडा असून त्यावर नुसता लोगो असेल तर खोटं निघाल्यावर मी कुणाचं सर्टिफिकेट काढून घ्यायचं? लोगो बदलता येतो. त्याच ऑफिसात नवीन पाटी.

खाडीकाठचा (दहा दिवसांनी)

अपडेट. भाच्याच्या सांगण्यावरून रविवारी सकाळी आम्ही चौघं त्या तुकड्यावर गेलो. ऑगर नव्हता, सोसायटीच्या माळ्याची पहार आणि फावडं. क्रिकेटवाली पोरं आधी हसली, मग तीच खणायला लागली. वरची वीतभर डेब्रिज, टाइल्सचे तुकडे, एक टूथब्रश. त्याखाली माती बदलली. करडी, चिकट, आणि मुळांच्या कडेने विटकरी रेघा, अगदी जुन्या खिळ्याने ओढल्यासारख्या. वास आला, अंड्याचा नाही, पण ओहोटीला खाडीवरून येतो ना तसा. फोटो काढले, वहीत तारीख, वेळ, खोली लिहिली आणि खाली चौघांनी सह्या केल्या. सर्टिफिकेट कुणाकडेच नाही. एक जण एलआयसीत होता, एक डेंटिस्ट आहे.

ओलीमाती

मामा, फोटो बघितले, छान आहेत पण एकातही टेप दिसत नाही, खोली कशी कळणार? आणि एकच खड्डा? कोरड्या बाजूचा कुठाय? त्याच्याशिवाय रेषा कशी मारणार?

खाडीकाठचा

कोरडी बाजू म्हणजे रस्त्याकडची. तिथे आता पत्रे लावलेत आणि वॉचमन बसवलाय. बघतो, येत्या रविवारी त्याला चहा पाजून.